ऑक्टोपॅडचे एक पॅड बंद पडले : दुरुस्त करावे की बदलावे?

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात बँजो पार्टी, ब्रास बँड, भजनी मंडळे आणि ऑर्केस्ट्रा यांच्यावर अनेक कुटुंबांची रोजीरोटी चालते. गणेशोत्सव, गावच्या यात्रा, उरूस आणि लग्नसराई हा त्यांचा हंगाम. वाजविणाऱ्यांत, ध्वनिक्षेपक भाड्याने देणाऱ्यांत आणि विजेची उपकरणे दुरुस्त करणाऱ्यांत आपले मुस्लिम बांधव पूर्वीपासून आहेत. एके काळी या धंद्यात ढोल, ताशा, साइड ड्रम एवढीच चामड्याची वाद्ये होती. आता त्यांच्या जोडीला आठ चौकोनी पॅडांचे एक यंत्र आले असून खेड्यापाड्यांत त्याला सर्रास ‘ऑक्टोपॅड’ किंवा नुसते ‘पॅड’ म्हणतात.

चामडे फाटले तर ते कोठे मढवून मिळते हे प्रत्येक वाजविणाऱ्यास ठाऊक असते. पॅड मुके झाले की मात्र भलेभले गोंधळून जातात. गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे सरसेनापती प्रतापराव गुजर यांच्या १६७४ सालच्या बलिदानामुळे महाराष्ट्रभर माहीत असलेले गाव. पण तेथील किंवा आजरा-चंदगडकडील एखाद्या पार्टीचे पॅड सुपारीच्या आदल्या दिवशी बिघडले, तर गडहिंग्लज, कोल्हापूर किंवा बेळगाव गाठण्याशिवाय गत्यंतर नसते. तेथे कोणी म्हणतो, “बोर्ड गेला, नवीन घ्या.” कोणी जुने यंत्र पडत्या भावाने मागतो. ज्याला बिघाड समजत नाही त्याचे पैसे अशा वेळी हकनाक जातात. म्हणून हे यंत्र चालते कसे, त्यात काय बिघडते, काय थोडक्यात दुरुस्त होते आणि कोणत्या वेळी ते बदलणेच शहाणपणाचे ठरते, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. वाद्य आणि संगीत यांच्या वैधतेविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत. ज्यांच्या मनात त्याबाबत शंका असेल त्यांनी आपल्या जाणकार आलिमांना विचारावे. आमचा विषय दुरुस्तीचा हुन्नर आणि व्यवहारातील सचोटी एवढाच आहे. हा हुन्नर मशिदीचा ॲम्प्लिफायर, दुकानाचा वजनकाटा आणि घरचा इन्व्हर्टर यांनाही तितकाच उपयोगी पडतो.

यंत्राची ओळख

जपानमधील रोलँड कंपनी इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली ओसाका येथे स्थापन केली. १९८५ साली या कंपनीने आठ पॅडांचे यंत्र बाजारात आणले व आठ या आकड्यावरून त्याला ऑक्टोपॅड हे नाव दिले. त्या पहिल्या यंत्रात स्वतःचा आवाज नव्हता. ते दुसऱ्या ध्वनियंत्रास जोडावे लागे. पुढे आवाज यंत्राच्या आतच साठविले जाऊ लागले. १९९८ साली आलेले एस.पी.डी.-२० हे मॉडेल आपल्याकडे इतके रुजले की आज इतर कंपन्यांच्या यंत्रांनाही लोक ऑक्टोपॅडच म्हणतात.

यंत्राचे कार्य समजण्यास अवघड नाही. रबरी पॅडखाली धातूचा पत्रा किंवा टणक पट्टी असते व तिला पितळेची एक पातळ गोल चकती चिकटविलेली असते. चकतीच्या मध्यभागी पांढऱ्या चिनी मातीसारख्या पदार्थाचा थर असतो. तिला पीझो म्हणतात. काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत वीज उत्पन्न होते, हे फ्रान्समधील पिएर आणि जॅक क्युरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. तेच तत्त्व येथे वापरलेले आहे. काठीचा फटका बसला की चकती किंचित वाकते, क्षणभर विजेचा झटका निर्माण होतो आणि बोर्डावरील चिप तो मोजते. झटका मोठा असेल तर आवाज मोठा, लहान असेल तर लहान. आवाज स्वतः पॅडमध्ये नसतो. तो चिपच्या स्मरणात साठविलेला असतो आणि पॅड त्याला केवळ हाक मारते. एवढे ध्यानात आले की अर्धे निदान झाले.

काही यंत्रांत पीझोऐवजी दाब ओळखणारा प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. त्यावर दाब पडला की त्याचा विद्युतरोध कमी होतो. दोन्हींच्या कामाची रीत वेगळी असल्यामुळे एकाच्या जागी दुसरा बसवून चालत नाही. उघडल्यावर आत काय आहे हे आधी पाहावे.

पेचकस हाती घेण्यापूर्वी

यंत्र उघडण्याची घाई करू नये. पुष्कळदा बिघाड आत नसतोच. पुढील क्रमाने तपासणी करावी :

१) यंत्रात दिवाच लागत नसेल तर प्रथम ॲडाप्टर मल्टीमीटरवर मोजावा. रोलँडच्या अनेक लहान यंत्रांना ९ व्होल्टचा डी.सी. ॲडाप्टर लागतो आणि त्याच्या पिनेचे मधले टोक ऋण असते. बाजारातील पुष्कळ साध्या ॲडाप्टरांचे मधले टोक धन असते. पिन बसते म्हणून कोणताही ॲडाप्टर खुपसला तर यंत्र जळण्याचा धोका असतो. व्होल्ट, ॲम्पिअर आणि पिनेची दिशा या तिन्ही गोष्टी यंत्रावरील खुणेशी ताडून पाहाव्यात. ॲडाप्टर मोकळा मोजला असता बरोबर दाखवितो आणि यंत्र जोडताच व्होल्ट पडतात, असेही होते. म्हणून तेवढ्याच क्षमतेचा दुसरा चांगला ॲडाप्टर लावून खात्री करावी.

२) दिवा लागतो पण एकाही पॅडचा आवाज येत नाही, असे असेल तर हेडफोन लावून पाहावा. हेडफोनमध्ये आवाज आला तर दोष वायर, जॅक किंवा मिक्सरचा होय. हेडफोनमध्येही आवाज नसेल तर व्हॉल्यूम पाहावा. त्यानंतर ‘लोकल’ नावाची सेटिंग पाहावी. ती बंद झाली असेल तर पॅड बाहेरच्या यंत्राला संदेश देते, पण स्वतःचा आवाज काढीत नाही.

३) एकच पॅड मुके असेल तर आधी दुसरा किट किंवा पॅच निवडून तेच पॅड वाजवावे. दुसऱ्या किटमध्ये ते वाजले तर यंत्र ठीक आहे. पहिल्या किटमध्ये त्या पॅडचा आवाज शून्यावर गेला आहे किंवा चुकीचा टोन पडला आहे. सर्व किटमध्ये मुके असेल तर त्या पॅडची संवेदनशीलता आणि ‘थ्रेशोल्ड’ तपासावा. थ्रेशोल्ड म्हणजे ज्याच्या खालचा फटका यंत्र मोजीतच नाही ती मर्यादा. ती फार वर गेली असेल तर हलका हात ऐकू येत नाही.

४) एका पॅडवर मारले असता शेजारचे वाजत असेल तर थ्रेशोल्ड थोडा वाढवावा व ‘क्रॉसटॉक’ची सेटिंग असल्यास ती वापरावी. स्टँडचे नट ढिले असतील किंवा यंत्र मोठ्या स्पीकरच्या अगदी जवळ असेल तर त्या कंपनांनीही पॅड आपोआप वाजतात. पार्टीच्या गाडीवर हा प्रकार नेहमी घडतो आणि विनाकारण बोर्डावर दोष येतो.

५) एका फटक्यात दोनदा आवाज येत असेल तर एका फटक्यानंतर पुढचा फटका मोजण्यापूर्वी यंत्र किती वेळ थांबते, ती सेटिंग वाढवावी.

सर्व सेटिंग मूळ पदावर आणणारी ‘फॅक्टरी रीसेट’ची सोय बहुतेक यंत्रांत असते. ती वापरण्याआधी एक गोष्ट मात्र कटाक्षाने करावी. वाजविणाऱ्याने वर्षानुवर्षे मेहनतीने बसविलेले हलगी, ढोलकी, ताशा यांचे किट यंत्रात असतात. रीसेट केल्याने ते पुसले जाऊ शकतात. सोय असेल तर ते पेन ड्राइव्ह, कार्ड किंवा संगणकावर उतरवून घ्यावेत. सोय नसेल तर वहीत लिहून घ्यावेत. ही गिऱ्हाइकाची अमानत आहे.

यंत्र उघडल्यावर

वॉरंटीची मुदत शिल्लक असेल तर यंत्र मुळीच उघडू नये. मुदत संपली असेल तर ॲडाप्टर काढावा, बॅटरी असल्यास तीही काढावी, जमिनीला जोडलेल्या धातूस हात लावून अंगावरील स्थिर वीज घालवावी आणि मगच स्क्रू सोडावेत. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवले म्हणजे जोडताना वायरींचा गोंधळ होत नाही.

आता सर्वांत उपयुक्त चाचणी. मुक्या पॅडची वायर बोर्डावरील ज्या सॉकेटला लागते तेथून काढून, शेजारच्या चांगल्या पॅडच्या सॉकेटमध्ये लावावी व त्याची वायर मुक्याच्या सॉकेटमध्ये लावावी. मुके पॅड नव्या सॉकेटवरही मुकेच राहिले तर दोष चकतीत किंवा तिच्या वायरीत आहे. ते बोलू लागले आणि चांगले मुके झाले, तर दोष बोर्डावर आहे. या अदलाबदलीस एक पैसा लागत नाही, आणि शंभराची दुरुस्ती की हजारांची, याचा निकाल तेथेच लागतो. जेथे सर्व पॅड एकाच पट्टीने जोडलेले असतात तेथे ही चाचणी करता येत नाही. तेथे मल्टीमीटरने एकेक वायर तपासावी.

चकती तपासणे सोपे आहे. मल्टीमीटर ए.सी. व्होल्टवर ठेवून टोके चकतीला लावावीत व बोटाने टिचकी मारावी. काटा किंवा आकडा हलला पाहिजे. रोध मोजला असता चांगली चकती जवळजवळ खुल्या तारेसारखी दिसते. रोध फार कमी दिसला तर चकती शॉर्ट झाली आहे. डोळ्यांनीही पाहावे. पांढऱ्या थरास केसाएवढी चीर गेली असेल, वायरीचे शिसे सुटले असेल किंवा चकती पत्र्यापासून अर्धवट उचलली गेली असेल, तर पॅड मुके होते किंवा एकाच कोपऱ्यात वाजते. यांपैकी सुटलेली वायर आणि उचललेली चकती यांस नवीन भाग लागतच नाही.

चकती बदलावयाची असेल तर तोच व्यास आणि तीच जाडी घ्यावी. हे पार्ट इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात फार थोड्या पैशांत मिळतात, म्हणून चार-सहा जवळ बाळगावेत. डाग देताना मोठी इस्त्री वापरू नये. २५ वॉटची बारीक टोकाची पुरे. एक-दोन सेकंदांत काम उरकावे. पांढऱ्या थरावर उष्णता जास्त वेळ राहिली तर त्यावरील चांदीचा लेप सुटतो व चकती निकामी होते. मधल्या थरावरची वायर मध्येच आणि पितळेवरची पितळेवरच ठेवावी. चकती मूळ जशी चिकटविलेली होती तशीच, तेवढ्याच जाडीच्या दुहेरी चिकटपट्टीने बसवावी. कडक डिंक भरपूर ओतला तर चकतीला वाकता येत नाही आणि नवे पॅड जुन्यापेक्षाही मंद वाजते.

दाबाच्या पडद्याची तपासणी वेगळी. मोकळ्या अवस्थेत त्याचा रोध फार मोठा असतो व दाबताच तो उतरतो. उतरत नसेल तर आतला थर झिजलेला आहे. या पडद्यास डाग देता येत नाही. उष्णतेने तो वितळतो. त्याच मॉडेलचा पडदा मागवून बसवावा, मात्र तत्पूर्वी कनेक्टर स्वच्छ करून पाहावा. नेसरी-आजऱ्याकडील पावसाळ्यात ओल आत शिरते आणि कनेक्टरवर गंज चढतो. नुसत्या सफाईने जिवंत झालेली यंत्रे थोडी नाहीत.

दोष बोर्डावर निघाला तरी आशा सोडू नये. जॅक आणि पॉवर सॉकेट यांचे डाग वारंवारच्या ओढाताणीने तडकतात. ते पुन्हा दिले की काम होते. जुन्या यंत्रांतील कपॅसिटर फुगलेले असतील तर बदलता येतात. मुख्य चिप किंवा स्मरणाची चिप गेली असेल तर मात्र गावच्या कारागिराने प्रयोग करू नये. तेथे कंपनीचे सेवा केंद्र किंवा जाणकार माणूस गाठावा.

हंगाम बुडू नये म्हणून

बऱ्याच ऑक्टोपॅडच्या पाठीमागे बाहेरचे पॅड जोडण्यासाठी जॅक असतात. आतील एक पॅड गेले असेल आणि दुरुस्तीस वेळ नसेल, तर एक सुटे रबरी पॅड त्या जॅकला लावून त्यावर तोच आवाज बसवावा. सुपारी निभावते आणि घाईघाईने नवे यंत्र घेण्याची वेळ येत नाही. जनरेटरवर वाजविणाऱ्यांनी जनरेटर सुरू होऊन स्थिर झाल्यावरच यंत्र जोडावे व तो बंद करण्यापूर्वी ते काढावे. रबर ओल्या फडक्याने पुसावे. पेट्रोल किंवा थिनर लावल्यास ते फुगते व चिरते.

दुरुस्ती की नवे : हिशेब असा करावा

समजा, एखाद्याचे जुने यंत्र चालू स्थितीत १२,००० रुपयांस विकले जाईल. दुरुस्तीस ८०० रुपये लागत असतील तर विचार करण्याचे कारण नाही. दुरुस्तीस ७,००० रुपये लागत असतील, शिवाय इतर पॅडांचे रबर झिजलेले असेल आणि त्या मॉडेलचे भाग मिळेनासे झाले असतील, तर ते पैसे नव्या यंत्रात घालणे बरे. आमचा ढोबळ नियम असा : दुरुस्तीचा खर्च चालू यंत्राच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला की थांबावे. त्या आत असेल आणि करणारा माणूस काही महिन्यांची हमी देत असेल, तर दुरुस्त करावे.

या हिशेबात एक रकम पुष्कळजण धरीत नाहीत, ती व्याजाची. नवे यंत्र हप्त्यावर घेताना दुकानात सांगितलेली किंमत आणि अखेर हातून गेलेली रक्कम यांत अंतर असते. व्याज आपल्यासाठी निषिद्ध आहे, हे तर आहेच. शिवाय चार महिन्यांच्या हंगामावर बारा महिन्यांचे हप्ते फेडताना छोटा कलावंत कसा पिचतो, हेही आपण पाहतो. दुरुस्तीने एक वर्ष निघत असेल तर तेवढ्यात दर सुपारीमागे थोडी रक्कम बाजूला टाकता येते. जमातीतील बिनव्याजी कर्जाची सोय किंवा विश्वासाच्या माणसांची भिशी हाही मार्ग आहे.

जुने यंत्र घ्यावयाचे असेल तर हेडफोन लावून आठही पॅड, प्रत्येक पॅडचे चारही कोपरे, हलक्या आणि जोरदार हाताने वाजवून पाहावेत. प्रत्येक जॅक हलवून पाहावा. दहा मिनिटे तापू द्यावे व पुन्हा वाजवावे.

पावती आणि कायदा

नवे यंत्र ‘कच्च्या बिला’वर घेण्याचा मोह टाळावा. पक्के बिल नसेल तर वॉरंटी मागणार कशाच्या आधारे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला व त्याने १९८६ च्या कायद्याची जागा घेतली. धंद्यासाठी वस्तू घेणारा या कायद्यात सामान्यतः ग्राहक ठरत नाही. परंतु जो स्वतः वापरून केवळ आपल्या उपजीविकेसाठी वस्तू घेतो, त्याला कायद्याने ग्राहक मानले आहे. स्वतःचे पॅड स्वतः वाजवून पोट भरणारा कलावंत यात येतो. सदोष माल किंवा सदोष दुरुस्तीबद्दल तो दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकतो. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास तक्रारीचे शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला घेता येतो.

कारागिराची जबाबदारी

आता दोन शब्द दुरुस्ती करणाऱ्या बांधवांसाठी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला असता आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले व फसविणारा आपला नव्हे असे बजावले, हा प्रसंग आपणा सर्वांस ठाऊक आहे. सुटलेल्या वायरीला एक डाग देऊन ‘बोर्ड बदलला’ म्हणून पैसे घेणे हे ओले धान्य खाली लपविण्यासारखेच होय. दोष दडवून विकलेला माल परत करण्याचा हक्क फिकहच्या ग्रंथांनी खरेदीदारास शेकडो वर्षांपूर्वीच दिला आहे. जुने पॅड विकताना ‘पाचवे पॅड कोपऱ्यात मंद वाजते’ एवढे सांगितले तर भाव थोडा उतरेल, पण रोजी पाक राहील.

म्हणून यंत्र घेतानाच पावती द्यावी. तीत मॉडेल व क्रमांक, सोबत काय आले, गिऱ्हाइकाने सांगितलेली तक्रार, तपासणीचे शुल्क आणि अंदाजे खर्च लिहावा. खर्च वाढणार असेल तर आधी विचारावे. काढलेला जुना भाग पिशवीत घालून परत द्यावा. यामुळे भांडण टळते आणि दहा गावांत नाव होते.

हा धंदा आपल्यासाठी नवा असला तरी परका नाही. एकोणिसाव्या शतकात तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांचे काम ओसरू लागले, तेव्हा मिरजेच्या फरीदसाहेब शिकलगारांसारख्या कारागिरांनी तोच कसबी हात तंतुवाद्यांकडे वळविला. प्रथम दुरुस्ती आणि मग घडण, अशा क्रमाने ती विद्या पिढ्यान्‌पिढ्या वाढली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. काळ बदलला तेव्हा त्या लोकांनी रडत न बसता नवे हत्यार हाती घेतले.

आज ते हत्यार मल्टीमीटर आणि बारीक इस्त्री हे आहे. आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकून घरी बसलेली मुले आपल्या वस्तीत आहेत. नेसरी, गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यात असा एकजरी विश्वासू कारागीर उभा राहिला, तर ऐन हंगामात बेळगाव-कोल्हापूरच्या खेपा वाचतील, कलावंतांचे पैसे वाचतील आणि त्या कारागिराच्या घरी हलाल रोजी येईल. मशिदीचा ॲम्प्लिफायरही मग जुम्याच्या आदल्या रात्री शहरात न्यावा लागणार नाही. ज्या घरात असा मुलगा आहे त्या पालकांनी त्याला दुकानाच्या एका कोपऱ्यात टेबल मांडून द्यावे. बरकत देणारा अल्लाह आहे.